सात बोये

(दिवाळे, खाडीचा काठ. माघातली दुपार, ओहोटी लागलेली. उलट्या होडीच्या सावलीत एक पिवळसर लॅब्रॅडॉर कुत्री झोपली आहे.)

दमयंती : हलू बोल गो संघमित्रा. आता कुठं डोला लागलाय तिचा.

संघमित्रा : बरं मावशी. इथंच बसते. बराच वेळ झाला का झोपून?

दमयंती : पानी उतराला लागलं तवा झोपली. मी बोंबील पलटत व्हते, ती बघत बसली व्हती. मंग मान टाकली. बघ, पाय कशे हलवते. सपनात पोचली कुठंतरी.

संघमित्रा : पळत असेल.

दमयंती : पलत नाय. महिना झाला मी बघते ना. सपनात पलनारं कुत्रं चारी पाय मारतं. हिचे पुढचेच दोन हलतात, माती सारल्यासारखे. जागा करते ती.

संघमित्रा : कसली जागा?

दमयंती : जरा वाकून तिच्या पोटाशी बघ. हात लावू नको.

संघमित्रा : हे काय... बोये? जाळ्याचे?

दमयंती : सात हायेत. आमच्या घरवाल्याच्या जुन्या जाल्याचे. जालं तरंगाला लागतात ना, ते. जालं सडलं, बोये व्हते कोपऱ्यात. चार दिसांत एकेक आनून ठेवला तिनं. तोंडात धरते पन दात लागू देत नाय. चाटते. ऊन सरकलं का त्यांनाबी सरकवते सावलीत.

संघमित्रा : मावशी, हिला दूध आलंय.

दमयंती : आलंय ना. गोनपाट भिजतं खालचं. मी घाबरले, बोल्ले पोटुशी दिली का काय ह्या संघमित्रानं मना.

संघमित्रा : नाही, नाही. डॉक्टर म्हणाले होते, असं होऊ शकतं. खोटी गर्भार म्हणतात. पोटात काही नसतं, पण शरीराला वाटतं की पिल्लं झालीत. पंधरा-वीस दिवसांत दूध आटेल आपोआप.

दमयंती : खोटी कशी? ती तर खरीच हाय. पोरं नायत नुसती.

संघमित्रा : खातेय का नीट?

दमयंती : कोलनीच्या, मासलीवालीच्या घरात ऱ्हावून दहीभात खाते! पयल्या दिशी मी मांदेलीचं डोकं टाकलं पुढ्यात, तर माझ्याकडं अशी बघाला लागली, जशी मी शिवीच घातली. आता थोडं थोडं चाखते. जवला आवडतो.

संघमित्रा : तुम्ही म्हणाला होतात, शिमग्यापर्यंतच ठेवीन. म्हणून आले मी आज. करंजाड्याला एक बाई आहेत, अमिता म्हणून. त्या विचार करतो म्हणाल्यात. नक्की काही नाही अजून.

दमयंती : नीट बघ घर. मना घाई नाय. पन मी एकसष्ट वर्सांची बाई, दीपेश माझा बोटीवर, सहा सहा महिने घरी नाय. माझ्या मागं हिला कोन? त्यापरीस पयलंच सांगितलेलं बरं.

संघमित्रा : तुमचं बरोबर आहे. आमच्या सोसायटीत घरात आधीच दोन कुत्री आहेत माझ्या, आणि आई आजारी. नाहीतर मी तुमच्या दारात आणलीच नसती. रोज गेटवर मासळी घेताना तुम्हाला बघायची, मांजराला डोकी काढून ठेवता. वाटलं, ही बाई नाही म्हणायची नाही.

दमयंती : मांजराचं येगलं. कुत्र्याला मी चाळीस वर्सांत भाकरी घातली नव्हती, म्हाईत हाय तुना? कोन आलंय बघ तिकडं. तुझ्याकडंच हात करतंय.

सूरज : नमस्कार. सॉरी हां, मधेच आलो. ओळखलं का मॅडम?

संघमित्रा : सूरज? तुम्ही इथं कसे?

सूरज : तुमचं स्टेटस बघितलं ना. नंबर सेव्ह आहे तुमचा. रूबीच्या फोटोत मागं ही निळी होडी, तिचं नाव पण वाचता येत होतं. गावात विचारलं तर लगेच सांगितलं, दमयंतीकाकींकडं बघा.

दमयंती : कोन गो हा?

संघमित्रा : आपली ही रूबी ह्यांच्याकडचीच, मावशी. नावड्याला राहतात. बिल्डिंगच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागं पत्र्याच्या शेडमध्ये बांधलेली असायची. तिथल्याच एका बाईंनी मला फोन केला होता, म्हणून मी गेले.

दमयंती : हां. तूच काय तो. बस. पानी पितंस?

सूरज : नको काकी. अरे, काय झालीय ही! केस आले सगळे. मी दिली तेव्हा पाठीला हात लावला तरी...

संघमित्रा : तरी साल निघायची हाताला. माहीत आहे. बारा दिवस धुतलीय ती पाठ मी, औषधाच्या पाण्यानं.

सूरज : मी भांडायला नाय आलो मॅडम.

संघमित्रा : मग कशाला आलात?

सूरज : रूबीला न्यायला.

संघमित्रा : न्यायला? तुम्ही स्वतःच्या तोंडानं म्हणालात मला, घेऊन जा, डोक्याला ताप झालाय.

सूरज : बोललो. खोटं नाय बोलणार. सोसायटीची नोटीस आलेली, घरी बायकोची, हेतलची कटकट. डिसेंबरला ती हीटवर आली, जोडीला मेल कुत्रा आणला, पण पोटात राहिलं नाय. त्यात खरूज. डोकं फिरलेलं माझं. पण लिहून कुठं दिलंय मी? तिचे पेपर माझ्या नावाचे. मानेत बसवलेली ओळखीची चिप माझ्या नावाची.

संघमित्रा : नाही दिलंत लिहून. ती चूक माझी. सही नंतर करतो म्हणालात आणि मी जोर नाही केला. मला ती आधी त्या गच्चीवरून खाली आणायची होती.

दमयंती : पोरा, कशाला पायजे आता ती तुना?

सूरज : एकच लिटर, काकी. लास्ट. म्हणजे एकदाच पिल्लं काढायची, बस. त्याच्यानंतर मी स्वतः नसबंदीचं ऑपरेशन करून आणतो तिचं.

संघमित्रा : सहा वर्षांची आहे ती. पाच वेळा व्यालीय. एकदा तर वर्षात दोन वेळा. हे असं करता येत नाही, नियम आहेत त्याला. पिल्लं विकायची तर नोंदणी करावी लागते. तुमच्याकडं होती?

सूरज : कोण करतं मॅडम नोंदणी.

संघमित्रा : म्हणूनच विचारतेय.

सूरज : विकायला नकोय ह्या टायमाला. खरं सांगू का? मी तळोज्याला कंपनीत आहे, आठ वर्षं कॉन्ट्रॅक्टवर. दिवाळीला परमनंटची यादी लागणार. आमच्या साहेबांच्या मुलीनं रूबीचं एक पिल्लू बघितलंय कोणाकडं तरी. तिला तसंच पाहिजे, डिट्टो. साहेब मला केबिनमध्ये बोलावून बोलले, सूरज, एवढं काम कर. ह्याच्या आधी कधी त्यांनी माझं नाव पण घेतलेलं नाय. जूनमध्ये हीट येईल, ऑक्टोबरला पिल्लू तयार. साहेब थांबायला तयार आहेत.

संघमित्रा : आणि बाकीची पिल्लं? एकच होणार आहे का तिला?

सूरज : बाकीची देऊ कोणाला तरी. लॅब आहे, लोक घेतात.

संघमित्रा : लोक घेतात, हो. वर्षभरात तीन लॅब मिळालेत मला रस्त्यावर. एक तर खारघरच्या टेकडीखाली, गळ्यात चांगला पट्टा होता. पिल्लू असताना लोक घेतात, सूरज.

दमयंती : हलू, हलू. ती हलली बघ.

संघमित्रा : मावशी, तुम्ही तरी सांगा ह्यांना.

दमयंती : मी काय सांगू? त्याची हाय तर त्याची हाय. माझं नाव हाय का कुठल्या कागदावर? मी नाय अडवनार.

संघमित्रा : मावशी!

दमयंती : पन पोरा, एक आयक माझं. झोपलेलीला उठवाचं नाय. तिच्या मनानं उठंल तवा ने. तवर बस इथं.

सूरज : किती वेळ लागेल?

दमयंती : ते तिला म्हाईत. भरती लागली का वारा फिरतो, तवा उठते ती. पोरं होडी वर काढतात ते बघते, आलस देते. तुना कुठं जावाचं हाय का?

सूरज : रात्रपाळी आहे. टाइम आहे तसा.

दमयंती : मंग टेक जरा. शांत वाटंल.

सूरज : ... हे गुलाबी काय दिसतंय, चिखलात? तिकडं लांब.

संघमित्रा : फ्लेमिंगो आहेत.

सूरज : एवढे? मी नावड्यातच जन्मलो, कधी बघितले नाय. फोटोत बघितले. झोपेतले वाटतात, नाय? एका पायावर.

दमयंती : पानी उतरलं का येतात. इमान गेलं डोक्यावरनं तरी मान वर करत नाय.

सूरज : रूबी पण अशीच. ती झोपली की ढोल वाजवा. लॉकडाऊनमध्ये आणलेली मी. कंपनी बंद, लग्न पुढं गेलेलं, आई गावाला अडकली. मी एकटा वन आरकेत. एवढीशी होती, चप्पलीत मावायची. दुपारी माझ्या पोटावर झोपायची. मला वाटायचं, माझ्या श्वासानं ती वर-खाली होते म्हणून झोप लागते तिला. म्हणून मी श्वास पण सावकाश घ्यायचो.

संघमित्रा : आणि मग ती गच्चीवर कशी गेली?

सूरज : एकदम नाय गेली. लग्न झालं, खोली छोटी. पहिलं लिटर तर अशीच हौस म्हणून काढलं. हेतल पण खूश होती. आठ झाली. सगळी लोकं घरी यायची बघायला. आम्ही बारसं केलं मॅडम, खरंच, पेढे वाटले. मग सगळ्यांनी सांगितलं, अजून काढ. खोलीत वास येतो, म्हणून मग वर शेड केली. आधी फक्त दिवसा ठेवायचो. मग साखळी लावली, कारण टाकीवर चढायची. कुठल्या दिवशी मी वर जायचं कमी केलं ते मला आठवत पण नाय.

संघमित्रा : तिला आठवत असेल.

सूरज : मारा तुमी टोमणे. चालेल.

संघमित्रा : टोमणा नाही. चार दिवस ती माझ्या घराच्या दारात बसून होती, लिफ्टचा आवाज आला की उभी राहायची. तुमचीच वाट बघत होती. दुसऱ्या कोणाची बघणार?

दमयंती : अरे, तिच्या पोटाशी बघितलंस का तू?

सूरज : काय आहे ते? थर्माकोलचे...

दमयंती : बोये. पोरं हायेत तिची. मोज.

सूरज : सात.

दमयंती : हां.

सूरज : सात कसे?

दमयंती : म्हंजे?

सूरज : मागच्या टायमाला सातच होती. एप्रिलला. दोन गेली पहिल्या आठवड्यात, वर पत्रा तापायचा. पाच राहिली. घेणाऱ्यांना घाई होती, सुट्टीत पोरं घरी आहेत म्हणून. मी महिन्याच्या आत दिली सगळी.

संघमित्रा : दोन महिने तरी आईजवळ लागतात.

सूरज : माहीत आहे. तेव्हा पण माहीत होतं.

दमयंती : तिच्या समोरनं नेली?

सूरज : नाय. हेतल तिला खाली फिरवायला घेऊन गेली. तिला किती दिवसांनी खाली नेलेलं, ती एकदम खूश, शेपटी हलवत गेली. तेवढ्यात मी पिल्लं उतरवली. जागा धुऊन टाकली फिनेलनं. वास राहिला तर शोधत बसेल, म्हणून. चांगल्यासाठीच केलं मी, काकी.

दमयंती : मंग?

सूरज : वर आली. फरशी हुंगली. मग चाटायला लागली. फिनेल होतं ना, तोंडाला फेस आला तिच्या. तरी चाटत होती. मी खाली निघून आलो.

दमयंती : बघितलं नाय.

सूरज : नाय बघितलं.

दमयंती : मीबी नव्हतं बघितलं. मना वाटलेलं, कोनाला सांगावं लागनार नाय हे कधी. आता तू सांगितलंस तर मीबी सांगते. दीपेश पोटात व्हता माझ्या, सातवा महिना. इथं वाड्यावर एक कुत्री व्हती, काली. कोनाची अशी नाय, पन भाकरी माझ्याच दारात खायाची. दिवसभर माझ्या मागं मागं, बाजारात गेले तरी पाटीजवल बसून. ह्याच जागेवर, होडीखाली व्याली. पाच पोरं. आनि मंग तोंड लावाला लागली आमच्या सुकत घातलेल्या मासलीला. भूक लागली तिला, पोरं पिनारी. मी काय करावं तर तिला जास्तीचं वाढावं ना? साधी गोष्ट. पन मना राग आला. सकालपासून वाकून वाकून मी बोंबील टांगाचे आनि ही वलनीची दोरी दोरी खाली करनार. मी घरवाल्याला बोल्ले, हिला पलीकडं सोडून ये. त्यानं घातली होडीत. ती मजेत गेली, नाकाशी वारा घेत. त्या काठावर चिखलात उतरवली आनि तो माघारी आला.

संघमित्रा : आणि पिल्लं?

दमयंती : मी बोल्ले, मी पाजीन. कापसानं शेलीचं दूध पाजलं. एकेक करून गेली. तिसऱ्या दिशी शेवटचं गेलं, माझ्या पदरात. आनि चवथ्या दिशी ती आली.

सूरज : पलीकडनं? कशी?

दमयंती : पवून. अशीच दुपार, अशीच ओहोटी, तरी मधली धार खोल असते. घरवाल्यानं, चांगदेवनंच पयलं बघितलं. बोल्ला, दमे, ते बघ काय येतंय. पान्यात एक कालं डोकं. नुसतं डोकं. मी हितं उभी ऱ्हाले, पोट धरून. माझ्या मनात आलं, देवा, बुडू दे हिला. काय तोंड दाखवू मी हिला? पन आली. चिखलानं भरलेली. होडीखाली गेली, बाहेर आली, परत गेली. मंग माझ्याजवल आली आनि माझा हात हुंगला. हाताला दुधाचा वास असंल. चावली असती तर मना बरं वाटलं असतं रं. नाय चावली. दोन दिस होडीखाली पडून व्हती, भात ठेवला त्याला शिवली नाय. मंग गेली कुठं. कोनीच बघितली नाय परत.

संघमित्रा : मावशी, तुम्ही हे कधी बोलला नाहीत.

दमयंती : कोनाला बोलू? माझी चूल, माझं पोर, माझे दिस चालूच ऱ्हायले. सपनात येते पन. काय करत नाय. पान्यात डोकं दिसतं, हलू हलू अलीकडं येत असतं, आनि मी जागी होते. काठाला लागत नाय कधी.

सूरज : काकी...

दमयंती : तुना लाजवाला नाय सांगितलं. तू हिचा धनी हायेस, मी त्या कालीची व्हते. धनी म्हंजे काय, ते मना उशिरा कललं. आपन सोडलं तरी ती सोडत नायत. एवढंच हाय ते.

संघमित्रा : उठली बघा.

सूरज : मी हाक पण नाय मारली.

संघमित्रा : वास आला असेल तुमचा. बघा, शेपटी...

सूरज : रूबी. ए रूबी. ये. अरे, अरे, हळू! पडेन मी. हो, हो. आलो मी. आलो ना. मॅडम, ही... ही तर काय विसरलीच नाय. मला वाटलं, गुरगुरेल.

संघमित्रा : मलाही वाटलं होतं. खरं सांगू, मला हवं होतं तिनं गुरगुरावं.

दमयंती : घाल पट्टा. जाते बघ तुझ्यासंगती.

संघमित्रा : मावशी, तुम्ही एवढं सगळं सांगितलंत, आणि तरी?

दमयंती : सांगितलं ते सांगितलं. आता त्याचं त्यानं बघावं. मी हात धरून ठेवला तर उद्या परत येल तो. जा रं. बाईक कुठं लावलीस?

सूरज : वर, देवळाच्या इथं. चल रूबी. मॅडम, मी नीट ठेवीन ह्या वेळी. गच्चीवर नाय. शप्पथ. चल.

संघमित्रा : चालली. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

दमयंती : कशाला बघंल? तिचा मानूस आला.

संघमित्रा : मी आता पोलिसात जाऊ शकते, पण हातात कागद नाही. माझ्याच हातानं... थांबा. मावशी, ती थांबली. काय झालं?

सूरज : ही पुढं येत नाय! पट्टा ओढतेय. रूबी, काय? थांब, गळा दुखेल. सोडतो, सोडतो.

दमयंती : येते बघ माघारी.

संघमित्रा : होडीखाली शिरली.

दमयंती : बोया घेतला. एक. बघ, कशी धरते. दात लागू देत नाय.

संघमित्रा : त्याच्याकडं घेऊन चाललीय.

सूरज : मॅडम, हिनं माझ्या पायावर ठेवला हा. परत चालली. रूबी, अगं! काय करते ही?

दमयंती : दुसरा आनते. उभा ऱ्हा पोरा, हलू नको. बिऱ्हाड हलवते ती. कुत्री पोरांना नव्या जागी नेते तवा अशीच नेते, एकेक करून. तू न्यायला आलास ना, मंग सगल्यांनाच घेऊन निघाली तुझ्यासंगती.

संघमित्रा : तिसरा. दमलीय, जीभ बाहेर आलीय.

दमयंती : दमली तरी सोडनार नाय.

सूरज : काकी, बस करायला सांगा तिला. मी... मला नाय बघवत.

दमयंती : बघ. ह्या टायमाला बघ.

संघमित्रा : पाच झाले. सहा. मावशी, तो खाली बसला चिखलात.

दमयंती : बसू दे.

संघमित्रा : सातवा. आता सगळ्यांना हुंगतेय. त्याच्या मांडीत सरकवतेय एकेक. रडतोय तो.

दमयंती : तू नको जाऊ. राहू दे दोघांना जरा.

संघमित्रा : वारा फिरला, नाही?

दमयंती : भरती लागली. त्या पक्ष्यांच्या पायाशी पानी आलं बघ.

सूरज : मॅडम.

संघमित्रा : हं. हळू या. ती मागनं येतेय.

सूरज : हे घ्या. चार मी आणले, बाकीचे तिला आणू दे. मागितले तर नाय देणार ती. मॅडम, तो कागद असेल का तुमच्याकडं? सहीचा?

संघमित्रा : पिशवीत कायम असतो. हा घ्या. इथं तुमचं नाव, इथं चिपचा नंबर. लिहिलंय ते वाचा आधी. परत मागता येणार नाही, पिल्लं काढता येणार नाहीत, ऑपरेशनला हरकत नाही.

सूरज : वाचलं.

संघमित्रा : साहेबांना काय सांगाल?

सूरज : माहीत नाय. यादीत नाव नाय आलं तर?

संघमित्रा : तर अजून एक वर्ष कॉन्ट्रॅक्टवर. मी खोटा धीर कशाला देऊ? नाव येईलच असं नाही. पण आलं तर तुमच्या कामावर येईल, पिल्लावर नाही, एवढं तरी.

सूरज : हेतल काय बोलेल, देव जाणे. पेन द्या.

संघमित्रा : इथं. हो. आणि घेणाऱ्याचं नाव मी रिकामं ठेवते. करंजाड्याच्या बाईंचं कळलं की...

दमयंती : रिकामं कशाला ठेवतंस?

संघमित्रा : अजून घर ठरलं नाही ना, मावशी.

दमयंती : परत येगल्या घरी? परत ती बिऱ्हाड हलवनार? आता मना म्हाईत झालं ती कशी हलवते ते. लिव, दमयंती चांगदेव कोली.

संघमित्रा : मावशी, तुम्हीच म्हणालात मघाशी, माझ्या मागं कोण. नुसत्या मायेनं नाही होत हे. सहा-सात वर्षं काढेल ती अजून.

दमयंती : म्हनून तर दोन नावं घाल. माझ्या खाली तुझं. मी नसले तर तू बघाचं. तसं लिवून घे, तोंडानं नको. तोंडानं आपन लय काय काय बोलतो.

संघमित्रा : आमच्या सोसायटीवाले...

दमयंती : तुझ्या सोसायटीवाल्यांना मी पापलेट खिलवीन. लिव.

संघमित्रा : लिहिते. अंगठा की...

दमयंती : सही येते मना. चवथी शिकले मी.

सूरज : काकी, तिला एक सवय आहे. फटाके वाजले की ती बाथरूममध्ये जाऊन बसते. दार उघडं ठेवायचं. बंद केलं तर घाबरते.

दमयंती : बरं झालं सांगितलंस. आजून?

सूरज : डाव्या कानात घाण साठते, पुसावा लागतो. आणि आंबा नका देऊ, कोय गिळते. एकदा गिळली होती. तेव्हा मी रात्रभर... तेव्हा मी बघायचो तिला.

दमयंती : म्हाईत हाय. त्याबिगर ती अशी आली नसती तुझ्याकडं.

सूरज : मी निघतो. ती आता परत बोये नीट लावतेय, तोपर्यंत जातो. बघितलं तर मागं येईल.

संघमित्रा : त्या बाजूनं जा, जाळी वाळत घातलीत त्यांच्या मागनं. आणि सूरज, मेल आणणारा जो कोणी आहे...

सूरज : कुलदीप. खारघरचा. त्याच्याकडं पण दोन फीमेल आहेत, बाल्कनीत. त्याचा पत्ता पाठवतो तुमाला. माझं नाव सांगितलं तरी चालेल.

संघमित्रा : गेला.

दमयंती : हां. वर देवलाच्या इथं उभा ऱ्हायला बघ जरा. आता गेला.

संघमित्रा : मावशी, ऑपरेशनचं बोलायचं राहिलंच. डॉक्टर म्हणतात, दूध पूर्ण आटू दे, मग महिन्याभरानं करू. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, बुधवारी बघते. मी सकाळी रिक्षा घेऊन येईन, नेऊन आणीन तिला. तुम्हाला यायची गरज नाही. बुधवारी तुमचा धंदा मोठा असतो.

दमयंती : त्या दिशी मी पाटी नाय उचलाची. तिचे डोले उघडतील तवा समोर कोन तरी बसलेलं पायजे ना गो.